दूरचा खेळ आणि घरचा खेळाडू

एखादी नवी सोय बाजारांत आली म्हणजे ती आणणारे लोक प्रथम एकच प्रश्न विचारतात : लोक या सोयीला तयार आहेत काय ? सोय फसली तर ‘लोक अजून तयार नव्हते’ असें म्हणून ते मोकळे होतात, आणि साधली तर आपल्या दूरदृष्टीचें कौतुक करवून घेतात. दोन्ही प्रसंगीं परीक्षा होते ती लोकांची. सोयीची परीक्षा बाजूलाच राहते. व्हिडिओ गेम तारेवरून घरोघर खेळावयास देणाऱ्या, म्हणजेच स्ट्रीमिंगच्या, सेवांचा इतिहास या दृष्टीनें फार उद्बोधक आहे. खेळाडू तयार आहेत काय, हा प्रश्न २००९ पासून सतत विचारला गेला आहे. त्याचें उत्तर इतिहासांत सांपडतें. पण तें विचारणारांच्या अपेक्षेहून निराळें आहे.

प्रथम ही सेवा म्हणजे काय तें स्पष्ट झालें पाहिजे. व्हिडिओ गेम खेळण्याची रूढ रीत अशी कीं, खेळाडू खेळाची तबकडी विकत आणतो किंवा इंटरनेटवरून खेळ उतरवून घेतो, आणि घरांतल्या संगणकावर अथवा कन्सोलवर तो चालवितो. सारें गणित घरच्या यंत्रांत होतें. चित्रहि तेथेंच तयार होतें. स्ट्रीमिंगमध्यें हें यंत्र घरांत नसतें. तें शेंकडों मैल दूर, कंपनीच्या डेटा सेंटरमध्यें असतें. खेळाडूनें घरीं बटण दाबलें कीं त्याची वार्ता तारेवरून तेथवर जाते, तेथें खेळ एक पाऊल पुढें सरकतो, त्याचें चित्र तयार होतें, तें दाबून लहान केलें जातें आणि तारेवरूनच परत घरीं येतें. खेळाडूजवळ उरतो तो केवळ पडदा आणि हातांतलें बटणांचें साधन. महागडें यंत्र नको, तबकडी नको, खेळ उतरेपर्यंत तासतासभर वाट पाहणें नको. असा हा करार आहे. मात्र याच कराराची दुसरी बाजू अशी कीं, यंत्राबरोबर खेळहि घराबाहेर गेला.

या कल्पनेचें मूळ व्हिडिओ गेमच्या धंद्याहूनहि जुनें आहे. १९६१ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेच्या शताब्दि-समारंभांत जॉन मॅकार्थी यांनीं असा विचार मांडला कीं, टेलिफोन ही जशी सार्वजनिक सेवा झाली आहे, तशी संगणकाची गणनशक्तीहि पुढेंमागें सार्वजनिक सेवा होऊं शकेल. त्या काळीं संगणक म्हणजे दिवाणखाना व्यापणारें यंत्र. तें एकट्यादुकट्यानें विकत घेण्याची गोष्टच नव्हती. तेव्हां एका मोठ्या यंत्राला पुष्कळांनीं तारेनें जोडून घ्यावें आणि ज्यानें त्यानें आपापल्या वाट्याचें काम करून घ्यावें, ही रीत निघाली. इलिनॉय विद्यापीठांतील ‘प्लेटो’ या शैक्षणिक यंत्रणेंत डोनाल्ड बिट्झर यांच्या नेतृत्वाखालीं १९६० पासून असाच प्रयोग चालला होता. १९७० नंतरच्या दशकांत तिला शेंकडों टर्मिनलें जोडलेलीं होतीं, आणि धडे गिरवतां गिरवतां विद्यार्थ्यांनीं तिच्यावर खेळ रचले. १९७३ मधील ‘एम्पायर’ हा खेळ पुष्कळजण एकाच वेळीं आपापल्या टर्मिनलवरून खेळत. खेळ मध्यवर्ती यंत्रांत चाले. विद्यार्थ्यापुढें असे तो नारिंगी रेषांचा पडदा. म्हणजे ज्याला आज स्ट्रीमिंगचें तत्त्व म्हणतात, त्याचा एक प्रकार पन्नास वर्षांपूर्वीं प्रत्यक्ष चालू होता, आणि खेळाडू त्याला तयार होते काय असा प्रश्न कोणासहि पडला नाहीं. उलट त्यांना आवरावें कसें हाच प्रश्न होता. अभ्यासाच्या वेळीं खेळांवर निर्बंध घालावे लागत. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. त्या विद्यार्थ्यांनीं खेळासाठीं कांहीं मोल दिलें नव्हतें, आणि खेळ आपल्या मालकीचा आहे असें त्यांना कधीं वाटलेंहि नव्हतें.

पुढें संगणक लहान व स्वस्त झाले, ते घरांत आले, आणि खेळहि त्यांच्यामागून घरांत आला. तरी तारेवरून खेळ पाठविण्याचें स्वप्न धंदेवाल्यांनीं सोडलें नाहीं. १९८३ मध्यें अमेरिकेंत ‘गेमलाइन’ नांवाची सेवा निघाली. टेलिफोनच्या तारेवरून खेळ अटारी कंपनीच्या यंत्रांत उतरावयाचा, थोडक्या वेळां खेळावयाचा, आणि मग तो नाहींसा व्हावयाचा, अशी तिची योजना होती. त्याच वर्षीं अमेरिकेंतला व्हिडिओ गेमचा सारा बाजारच कोसळला व त्यांत ही सेवाहि बुडाली. तिच्या अवशेषांतून जी कंपनी उभी राहिली, तीच पुढें अमेरिका ऑनलाइन या नांवानें जगप्रसिद्ध झाली. १९९४ मध्यें सेगा या जपानी कंपनीनें केबल टेलिव्हिजनच्या तारेवरून ‘सेगा चॅनेल’ सुरू केलें. दरमहा सुमारें पंधरा डॉलर वर्गणी भरली कीं निवडक खेळांचा संच उपलब्ध होई. यंत्र बंद केलें कीं उतरविलेला खेळ पुसला जाई. ही सेवा १९९८ पर्यंत चालली. खेळ उसना आणावा, खेळावा आणि परत करावा, हा व्यवहार लोकांना खटकला नाहीं. कारण तो उसना आहे हें त्यांना पहिल्या दिवशींच सांगितलेलें होतें.

या सर्वांत विशेष मनोवेधक प्रयोग जपानांत झाला. निंटेंडो कंपनीनें सेंट गीगा या उपग्रह-रेडिओ संस्थेच्या साहाय्यानें एप्रिल १९९५ पासून ‘सॅटेलाव्ह्यू’ ही सेवा चालविली. खेळाचा मजकूर आकाशांतून प्रक्षेपित होई व घरच्या यंत्रांत साठविला जाई. कांहीं खेळांना तर ठरलेल्या वेळीं रेडिओवरून नटांच्या आवाजाची व संगीताची जोड असे. ऑगस्ट १९९५ मध्यें ‘झेल्डा’ या प्रसिद्ध खेळाची अशी आवृत्ति चार भागांत, नभोनाट्याप्रमाणें, प्रक्षेपित झाली. ती खेळावयाची तर त्या घटकेस यंत्रापुढें बसणें प्राप्त होतें. जून २००० मध्यें ही सेवा संपली. घरोघरच्या साठवणींत राहिलेले खेळ हौशी मंडळींनीं पुढें मिळविले. पण आवाज कधींच साठविला जात नसल्यामुळें तो घरच्या यंत्रांत शोधूनहि मिळण्यासारखा नव्हता. जें घरांत उतरलें तें कांहीं अंशीं वांचलें. जें केवळ कानावरून गेलें त्याचा ठेवा कोणत्याहि यंत्रांत राहिला नाहीं. स्ट्रीमिंगच्या पुढील इतिहासाची ही जणूं पूर्वसूचनाच होती.

आतां खऱ्या स्ट्रीमिंगकडे वळावयास हरकत नाहीं. मार्च २००९ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील खेळ-निर्मात्यांच्या परिषदेंत स्टीव्ह पर्लमन यांनीं ‘ऑनलाइव्ह’ या सेवेची घोषणा केली. पर्लमन हे कांहीं नवखे गृहस्थ नव्हते; त्यांची वेबटीव्ही ही कंपनी १९९७ मध्यें मायक्रोसॉफ्टनें विकत घेतली होती. त्यांचें म्हणणें असें कीं, घरापासून हजार मैलांच्या आंत डेटा सेंटर असेल आणि इंटरनेटचा वेग सेकंदास पांच मेगाबिट असेल, तर अत्युत्तम दर्जाचा खेळ साध्या संगणकावरहि खेळतां येईल. या घोषणेनें एकच खळबळ उडाली. कांहींनीं कन्सोलचें युग संपलें असें भाकीत केलें. कांहींनीं ही गोष्ट होणें शक्यच नाहीं असें ठासून लिहिलें.

अशक्य म्हणणारांच्या शंकेंत तथ्य होतें, आणि तें समजून घेणें जरूर आहे. चित्रपट तारेवरून पाहतां येतो, मग खेळ कां खेळतां येऊं नये, असें कोणासहि वाटेल. परंतु दोहोंत मोठा भेद आहे. चित्रपटाचा पुढचा भाग आधींच ठरलेला असल्यामुळें तो थोडा अगोदर मागवून साठवितां येतो. मध्यंतरीं तार अडखळली तरी प्रेक्षकाला पत्ता लागत नाहीं. खेळाचें पुढचें चित्र मात्र खेळाडूनें कोणतें बटण दाबलें यावर अवलंबून असतें. तें आधीं तयार करून ठेवतां येत नाहीं. कीर्तन ऐकणाऱ्याला बुवांचा शब्द अर्धा सेकंद उशिरानें पोहोंचला तरी त्याच्या आनंदांत उणें पडत नाहीं. पण सतार आणि तबला यांचा सवाल-जबाब चालला असतां तबलजीला सतार अर्धा सेकंद उशिरा ऐकूं आली, तर सम गांठणें अशक्यच. खेळ हा सवाल-जबाबाच्या जातीचा आहे.

या विलंबाचें गणित असें मांडतां येतें. जलद खेळांत सेकंदास साठ चित्रें दाखविलीं जातात. म्हणजे एका चित्राच्या वाट्यास सुमारें सतरा मिलिसेकंद येतात. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास जवळजवळ दोन लाख किलोमीटर वेगानें जातो. त्यामुळें हजार किलोमीटरवरच्या डेटा सेंटरला जाऊन येण्यास त्याला निदान दहा मिलिसेकंद लागतात; हें अंतर कोणत्याहि युक्तीनें आणखी जलद तोडतां येत नाहीं. यावर वाटेंतल्या यंत्रांचा विलंब, चित्र दाबून लहान करण्याचा विलंब, घरीं तें पुन्हां उलगडण्याचा विलंब आणि खुद्द टेलिव्हिजनचा विलंब, अशी बेरीज वाढत जाते. सोंगट्या सावकाश हलविण्याच्या खेळांत ही बेरीज कोणाला जाणवत नाहीं. मोटारींच्या शर्यतींत किंवा नेमबाजींत ती तत्काळ जाणवते. म्हणून ‘खेळाडू तयार आहेत काय’ या प्रश्नाचें उत्तर कोणता खेळाडू, कोणता खेळ आणि कोणतें गांव, यावर अवलंबून राहिलें.

ऑनलाइव्ह १७ जून २०१० रोजीं अमेरिकेंत सुरू झाली आणि अशक्य म्हणणारे खोटे ठरले. खेळ खरोखरच चालत होता. चित्र कांहींसें धूसर येई, विलंब जाणत्या खेळाडूच्या बोटांना कळे. तरीहि चालत होता. प्रारंभीं दरमहा वर्गणीची योजना होती. ती त्याच वर्षीं ऑक्टोबरमध्यें सोडून द्यावी लागली. कारण उघड होतें. वर्गणी भरावयाची ती सेवेच्या दारांत पाऊल टाकण्यापुरती; खेळाची किंमत पुन्हां निराळी, आणि तीहि नव्या खेळांच्या बाबतींत तबकडीच्या किमतीच्या आसपास. तबकडी घेणाऱ्याला ती मित्राला उसनी देतां येई, खेळून कंटाळा आला कीं विकतां येई. येथें तेवढाच पैसा मोजून हातांत कांहींच येत नव्हतें. शिवाय प्रत्येक खेळाडूमागें डेटा सेंटरमध्यें महागडें यंत्र राखून ठेवण्याचा खर्च कंपनीला सोसावा लागे. ऑगस्ट २०१२ मध्यें कंपनीनें आपल्या सर्व नोकरांना निरोप दिला व तिची मालमत्ता अवघ्या ४८ लाख डॉलरांना विकली गेल्याचें प्रसिद्ध झालें. नव्या मालकांनीं सेवा कशीबशी चालविली. परंतु एप्रिल २०१५ मध्यें तिचीं पेटंटें सोनी कंपनीनें घेतलीं, आणि त्या महिन्याच्या ३० तारखेस ती कायमची बंद पडली. ज्यांनीं तिच्याकडून खेळ ‘विकत’ घेतले होते, त्यांचे खेळ त्या दिवशीं गेले. विकत घेणें या शब्दाचा अर्थ किती पातळ झाला आहे, हें त्या दिवशीं अनेकांना प्रथमच कळलें.

याच सुमारास दुसऱ्या एका प्रसंगानें खेळाडूंचें मन अधिक स्पष्टपणें प्रकट केलें. मे २०१३ मध्यें मायक्रोसॉफ्टनें ‘एक्सबॉक्स वन’ या नव्या कन्सोलची घोषणा केली. त्याला चोवीस तासांतून एकदां तरी इंटरनेटवर हजेरी लावावी लागेल, आणि वापरलेल्या तबकड्या देण्याघेण्यावर बंधनें येतील, असें जाहीर झालें. खेळाडूंचा संताप इतका अनावर झाला कीं, महिन्याभरांत, १९ जून रोजीं, कंपनीनें हीं दोन्ही बंधनें मागें घेतलीं. यांत स्ट्रीमिंगचा संबंध नव्हता. तरीहि त्यांतला प्रश्न तोच होता. घरांतल्या वस्तूची किल्ली दुसऱ्याच्या कनवटीला असावी, हें खेळाडूंना मान्य नव्हतें.

सोनीनें २०१२ मध्यें ‘गायकाई’ ही स्ट्रीमिंगची दुसरी कंपनी ३८ कोटि डॉलरांस घेतली होती, आणि तिच्या पायावर ‘प्लेस्टेशन नाऊ’ ही सेवा उभारली. तिचा मुख्य उपयोग जुने खेळ नव्या यंत्रावर खेळतां यावेत हा होता. ती गाजावाजा न करतां चालली आणि २०२२ मध्यें सोनीच्या मोठ्या वर्गणी-योजनेंत विलीन झाली. मोठ्या आशेची वेळ मात्र यावयाची होती, आणि ती आणली गूगलनें.

१९ मार्च २०१९ रोजीं गूगलनें ‘स्टेडिया’ची घोषणा केली. पैसा, डेटा सेंटरें आणि तज्ज्ञ यांची येथें वाण नव्हती. १९ नोव्हेंबर २०१९ रोजीं युरोप व उत्तर अमेरिकेंतील चौदा देशांत सेवा सुरू झाली. सर्वोच्च दर्जाच्या चित्रासाठीं सेकंदास ३५ मेगाबिट वेग हवा होता. हिशेब केला तर तासाला पंधरासोळा गिगाबाइट होतात. ज्या अमेरिकन घरांना इंटरनेट-कंपनीनें महिन्याची मर्यादा एक टेराबाइट घालून दिली होती, त्यांची ती मर्यादा साठ-पासष्ट तासांच्या खेळांत संपावी. तरीहि तांत्रिक दृष्ट्या स्टेडिया फसली असें म्हणतां येणार नाहीं. डिसेंबर २०२० मध्यें ‘सायबरपंक २०७७’ हा बहुप्रतीक्षित खेळ निघाला, तेव्हां जुन्या कन्सोलांवर तो इतका सदोष चालला कीं सोनीनें आपल्या दुकानांतून तो कांहीं काळ काढून टाकला. स्टेडियावर तोच खेळ बऱ्या रीतीनें चालत होता. त्या वर्षीं महामारीमुळें लोक घरांत कोंडलेले होते आणि नवे कन्सोल बाजारांत मिळत नव्हते. दूरच्या यंत्रावरून खेळण्यास याहून अनुकूल मुहूर्त कोणता असावा ?

असें असतांहि स्टेडिया वाढली नाहीं. कारण ऑनलाइव्हची चूक तिनें पुन्हां केली. खेळ पूर्ण किमतीला विकत घ्यावयाचा, आणि तो फक्त गूगलच्या यंत्रावर खेळावयाचा. ज्या कंपनीनें २०१३ मध्यें ‘रीडर’ आणि २०१९ मध्यें ‘गूगल प्लस’ बंद केलें, ती ही सेवा किती वर्षें चालवील, अशी शंका पहिल्या दिवसापासून बोलली जात होती. फेब्रुवारी २०२१ मध्यें कंपनीनें स्वतःचे खेळ-निर्मितीचे विभाग मोडले, तेव्हां शंका बळावली. जुलै २०२२ मध्यें ‘स्टेडिया बंद होणार नाहीं’ असें जाहीर आश्वासन देण्यांत आलें. २९ सप्टेंबरला ती बंद होणार असल्याची घोषणा झाली. १८ जानेवारी २०२३ रोजीं तिचा दिवा मालवला.

गूगलनें एक गोष्ट चांगली केली, ती नमूद केली पाहिजे. आपल्या दुकानांतून विकलेल्या खेळांची व साधनांची किंमत तिनें खेळाडूंना परत दिली. परंतु पैशानें सर्वच भरून येत नाहीं. एका खेळाडूनें ‘रेड डेड’च्या ऑनलाइन जगांत सुमारें सहा हजार तास घालविले होते, आपलें पात्र दुसऱ्या यंत्रावर हलवूं द्यावें अशी त्यानें निर्मात्यांस जाहीर विनंती केली. या तासांची किंमत कोणत्या हिशेबांत धरावयाची ? आणि ‘आउटकास्टर्स’सारखा जो खेळ केवळ स्टेडियासाठींच रचलेला होता, तो तर तिच्याबरोबरच संपला. त्याची तबकडी कोणाच्याहि कपाटांत नाहीं, कारण तबकडी कधीं निघालीच नव्हती. सॅटेलाव्ह्यूच्या आवाजाची जी गत, तीच याची झाली.

इतक्या अपयशानंतरहि स्ट्रीमिंग मेलें नाहीं, हें विशेष आहे. आणि जें जगलें तें कां जगलें याचा शोध घेतला म्हणजे मूळ प्रश्नाचा उलगडा होतो. एनव्हिडिया कंपनीची ‘जीफोर्स नाऊ’ फेब्रुवारी २०२० मध्यें सर्वांस खुली झाली. ती खेळ विकत नाहीं. खेळाडूनें अन्यत्र घेतलेला खेळ ती आपल्या यंत्रावर चालवूं देते आणि त्या यंत्राचें भाडें घेते. उद्यां ही सेवा बंद पडली तरी खेळाडूचा खेळ अन्यत्र शाबूत राहतो. मायक्रोसॉफ्टनें १५ सप्टेंबर २०२० रोजीं बावीस देशांत आपली सेवा सुरू केली, ती ‘गेम पास’ या वर्गणीच्या आंत, एक जादा सोय म्हणून. तेथें खेळ उसना आहे हें उघड आहे, आणि किंमतहि उसनवारीचीच आहे. सोनीचीहि रीत थोडीफार अशीच. म्हणजे ज्या सेवांनीं मालकीचा आव आणून भाडेकरूचे हक्क दिले त्या बुडाल्या; ज्यांनीं भाड्याला भाडें म्हटलें, किंवा मालकीला हात लावला नाहीं, त्या टिकल्या.

अर्थात् या मार्गांतहि कांटे होतेच. जीफोर्स नाऊ खुली होतांच ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड व त्यामागून बेथेस्डा यांसारख्या मोठ्या प्रकाशकांनीं आपले खेळ तिच्यावरून काढून घेतले. खेळाडूनें खेळाचे पैसे भरलेले. तरी तो कोणत्या यंत्रावर चालवावा याची परवानगी प्रकाशकाची! पुढें मायक्रोसॉफ्टनें ॲक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही कंपनीच ६८·७ अब्ज डॉलरांस घेण्याचा घाट घातला, तेव्हां एप्रिल २०२३ मध्यें ब्रिटनच्या स्पर्धा-नियामक मंडळानें तो व्यवहार अडविला, आणि कारण दिलें तें स्ट्रीमिंगच्या भावी बाजारपेठेचें. या कंपनीच्या खेळांचे स्ट्रीमिंगचे हक्क युरोपीय आर्थिक क्षेत्राबाहेर पंधरा वर्षांकरितां ‘युबिसॉफ्ट’ या तिऱ्हाइताकडे सोपविण्याचें ठरलें, तेव्हां कोठें ऑक्टोबरमध्यें मंजुरी मिळाली. बाजार अजून लहान. पण त्याच्या नाड्या कोणाच्या हातीं असाव्या याची चिंता सरकारांना आधींच लागली होती.

मालकीचा हा प्रश्न आतां स्ट्रीमिंगपुरता उरलेला नाहीं. युबिसॉफ्टनें ‘द क्रू’ हा २०१४ चा खेळ मार्च २०२४ अखेर बंद केला. तो स्ट्रीमिंगचा खेळ नव्हता. लोकांच्या घरीं त्याच्या तबकड्या होत्या. परंतु कंपनीच्या सर्व्हरशीं बोलल्यावांचून तो चालत नसल्यामुळें त्या तबकड्या निरुपयोगी झाल्या. त्यांतून ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही चळवळ निघाली, आणि युरोपांत तिच्या अर्जावर जुलै २०२५ मध्यें दहा लाखांवर सह्या झाल्या. अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानानें केलेला कायदा १ जानेवारी २०२५ पासून अमलांत आला. परवाना देतां असाल तर ‘विकत घ्या’ असें नुसतें म्हणूं नका, परवाना आहे हें ग्राहकाला स्पष्ट सांगा, असा त्याचा आशय आहे.

मॅकार्थी यांनीं १९६१ मध्यें टेलिफोनचा दाखला दिला होता. तोच धागा पुढें नेऊन कंपन्यांनीं असें मानलें कीं, खेळ हा नळाच्या पाण्यासारखा आहे. लोकांनीं घरच्या विहिरी सोडून नळ घेतले, तसे ते घरचे कन्सोल सोडून स्ट्रीमिंग घेतील. या उपमेंत एक दोष आहे. नळाचें पाणी आज आलें तेंच उद्यां येईल. कालच्या पाण्याची आठवण कोणी ठेवीत नाहीं. खेळाचें तसें नाहीं. खेळाडू त्यांत कित्येक दिवस घालवितो, त्यांतले गांव आणि वाटा ओळखूं लागतो, आणि वर्षांनंतर तो पुन्हां उघडून पाहावा असें त्याला वाटतें. या बाबतींत खेळाचें नातें पाण्यापेक्षां पुस्तकाशीं अधिक जवळचें आहे. पुस्तकें वाचनालयांतून आणण्यास सुशिक्षित घरें केव्हांहि नाखूष नव्हतीं. महिन्याची वर्गणी भरून कादंबऱ्या आणावयाच्या, वाचावयाच्या आणि परत करावयाच्या, हा कित्येक पिढ्यांचा परिपाठ आहे. पण वाचनालयानें पुस्तकाची पूर्ण किंमत घेतली, पुस्तक आपल्याच कपाटांत ठेवलें, आणि एके दिवशीं वाचनालय मोडलें म्हणून पुस्तकहि गेलें असें सांगितलें, तर कोणता वाचक तें सहन करील ?

स्ट्रीमिंगचे फायदे खोटे नाहींत. ज्या घराला महागडें यंत्र परवडत नाहीं, त्याला तें उत्तम खेळाचें दार उघडून देतें. विलंबहि वर्षागणिक कमी होत आहे, आणि अनेक प्रकारच्या खेळांत तो आज जाणवेनासा झाला आहे. तेव्हां सेवा वाईट आणि तबकडी चांगली असा निकाल देण्याचें कारण नाहीं. इतिहासाचा निष्कर्ष इतकाच कीं, खेळाडू पूर्वींपासून तयार होते. प्लेटोच्या टर्मिनलावर ते तयार होते, सेगाची वर्गणी भरतांना तयार होते, जपानांत ठरल्या घटकेला रेडिओ लावून बसतांना तयार होते. जेथें ते मागें सरले तेथें विलंबाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, विश्वासाची उणीव होती. यापुढें कोणी अशी सेवा घेऊन आला, तर खेळाडूनें त्याला दोन प्रश्न विचारावेत : हें विकणें आहे कीं भाडें ? आणि ज्या दिवशीं दुकान बंद होईल, त्या दिवशीं माझ्याजवळ काय राहील ? या दोन प्रश्नांचीं सरळ उत्तरें ज्या सेवेजवळ असतील, तिच्यासाठीं खेळाडू तयार आहेत काय हें विचारण्याची वेळ बहुधा येणारच नाहीं.